कोमल गंधाराखालची रेघ

वनिता गावडे हिच्यावर मी चोरीचा नाही, पण चोरीपेक्षा वाईट असा एक आळ घेतला होता. तो खोटा ठरला. तिच्याविषयी लिहायचं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

ती अळणावरच्या पलीकडच्या गावची. वडील आनंदा लाकडाच्या डेपोत हमाली करायचे आणि आई चंद्रभागा दुसऱ्यांच्या भातशेतात राबायची. घरात मराठी, शाळा कानडी. दहावी झाल्यावर ती हुबळीला मावशीकडे आली, टायपिंगची परीक्षा दिली आणि केशवापुरात पद्मनाभ यांच्या डीटीपी सेंटरमध्ये कामाला लागली. लग्नपत्रिका, वकिलांचे कागद, दाजीबानपेठेतल्या कापड दुकानांची हँडबिलं असली कामं तिथं चालायची. मराठी आणि कानडी दोन्ही टाइप करणारी ती एकटीच होती. तेव्हा तिचं वय बावीस असेल.

मी बँकेत होते, राहायला केशवापुरातच. दर रविवारी बसनं धारवाडला, माळमड्डीत, शकुंतलाबाईंकडे गाणं शिकायला जायचे. बाई सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. त्यांच्या गुरुजींनी बांधलेल्या एकशे चाळीस बंदिशी सहा वह्यांत त्यांच्याजवळ होत्या, स्वरलिपीसकट. या वह्यांवर बाईंचा जीव होता, आणि वह्यांमुळेच त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला होता. कारण वीस वर्षांपूर्वी सुधींद्र नावाच्या त्यांच्या शिष्यानं त्यातल्या नऊ बंदिशी उतरवून घेतल्या आणि स्वतःच्या नावानं छापल्या. त्या दिवसापासून बाई वही कोणाच्या हातात देत नसत. आम्हाला बंदिश सांगायच्या तीही तोंडी, आणि लिहून घ्यायला लागलो की विचारायच्या, "घरी कोण कोण आहे तुझ्या?"

अठ्ठ्याण्णव साली मीच त्यांच्या मागे लागले. वह्यांचा कागद पिवळा पडून कोपरे तुटत होते. पुस्तक छापलं तर बंदिशी गुरुजींच्या नावावर कायमच्या राहतील, असं मी म्हटलं. बाईंनी दोन महिने विचार केला आणि अटी घातल्या. एका वेळी दहाच पानं द्यायची. टाइप होताना मी शेजारी बसायचं. संध्याकाळी पानं मोजून परत आणायची आणि फ्लॉपीसुद्धा दुकानात ठेवायची नाही.

"ती मुलगी गाते का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाई. तिला सा-रे-ग-म माहीत नाही."

"मग बरं," बाई म्हणाल्या.

खरी अडचण चिन्हांची होती. स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमावर उभी. खालच्या सप्तकाला अक्षराखाली टिंब, वरच्या सप्तकाला अक्षरावर टिंब. यातलं एकही चिन्ह दुकानातल्या मराठी फाँटमध्ये नव्हतं. पद्मनाभ म्हणाले, रेघा हातानं माराव्यात. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा वनितानं मला स्क्रीनवर एक जाळी दाखवली, चौकोनी कप्प्यांची.

"अक्का, फाँट म्हंजे हे दोनशेछप्पन्न कप्पे. एकेका कप्प्यात एकेक आकार. काही कप्पे रिकामे हायेत. त्यात मी आपली चिन्हं काढून बसवली."

कोमलची रेघ तिनं एकशेत्र्याहत्तर नंबरच्या रिकाम्या कप्प्यात बसवली होती. तिची रुंदी शून्य ठेवली होती, म्हणजे ती आधीच्या अक्षराखाली जाऊन बसे. ऑल्टचं बटन दाबून धरायचं, उजवीकडच्या आकड्यांवर शून्य-एक-सात-तीन मारायचं, की गंधाराखाली रेघ येई. पाचेक महिन्यांत तिची बोटं इतकी सरावली की मला आकडे ऐकू येण्याआधी रेघ उमटलेली असे. ती गात नव्हती, पण पान डोळ्यांनी वाचायला शिकली होती. एकदा म्हणाली, "अक्का, हितं वहीत रेघ ऱ्हायली वाटतं. वरच्या चारी ओळींत धैवताला हाय आणि हितंच न्हाई." मी बाईंना विचारलं. बाईंनी वही डोळ्याजवळ नेली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "राहिलीच आहे." मग चष्मा पुसत, "पण तिला कसं कळलं? तू तर म्हणालीस गात नाही."

मला तेव्हा हसू आलं होतं.

सोळा महिने काम चाललं. नव्व्याण्णवच्या नोव्हेंबरात दुकानातल्या लेझर प्रिंटरवर सगळी पानं काढून बाईंनी तपासली. एकूण एक चिन्ह जागेवर होतं. मग फाइल आणि वनिताचा फाँट, दोन्ही सहा फ्लॉप्यांत घालून मी गोकुळ रोडवरच्या एका प्रेसमध्ये नेऊन दिलं. तिथला ऑपरेटर संजीव शांत, कमी बोलणारा माणूस. त्यानं पहिल्या सोळा पानांचं प्रूफ दिलं. त्यात बाईंची प्रस्तावना, भूप, बिलावल आणि यमन होते. बाईंनी सही केली.

जानेवारीत गुरुजींची पुण्यतिथी होती. आठ दिवस आधी बांधलेल्या पहिल्या दहा प्रती घेऊन मी माळमड्डीला गेले. बाईंनी पुस्तकाला हळदकुंकू लावलं, मधलंच एक पान उघडलं आणि बोटानं मात्रा मोजत गुणगुणायला लागल्या. थांबल्या. परत सुरुवात केली. पुन्हा थांबल्या.

"निवेदिता, हे काय आहे?"

"भैरवी, बाई."

"हा बिलावल आहे."

मी पान बघितलं. रिषभ, गंधार, धैवत, निषाद, कोणाच्याही खाली रेघ नव्हती. पुढची पानं उलटली. तोडीच्या कोमल रेघा गेल्या होत्या आणि तीव्र मध्यम तेवढा जागेवर होता, म्हणजे तोडीचा यमन झाला होता. मालकंसाचा भिन्न षड्ज झाला होता. वरची टिंबं होती, खालची टिंबं होती, उभ्या रेघा होत्या. पुस्तकभर फक्त कोमल स्वर गेले होते.

छापखान्याची चूक असती तर सगळी चिन्हं गेली असती, किंवा कुठली तरी गेली असती. एकच चिन्ह, तेही पुस्तकभर, आणि सही झालेल्या पहिल्या सोळा पानांनंतर? हे जाणत्या माणसाचं काम आहे, असं बाई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. पहिल्या फर्म्यातल्या, म्हणजे त्या सोळा पानांतल्या, रागांत कोमल स्वर नसतातच, ही साधी गोष्ट त्या दिवशी आम्हा दोघींच्या ध्यानात आली नाही. संशय आला की माणसाला एवढंही दिसत नाही.

"सुधींद्र त्या दुकानात कधी आला होता?" बाईंनी विचारलं.

मला एकदम आठवलं. दिवाळीच्या आधी वनिताच्या टेबलावर मी सुधींद्र यांच्या संगीत वर्गाचं हँडबिल पाहिलं होतं. नुकतं टाइप केलेलं. बाईंना वाईट वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं. बाईंनी दहाही प्रती कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं.

मी थेट केशवापुरात दुकानात गेले. पद्मनाभ समोरच होते. मी आवाज चढवला नाही, पण सगळं बोलले.

"सुधींद्रसरांचं हँडबिल तू केलंस ना?"

"केलं की. मालकांनी दिलं, मी केलं."

"त्यांनी या पुस्तकाविषयी विचारलं?"

"विचारलं. कधी होणार म्हणून. मी म्हटलं, मला ठाऊक न्हाई."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही शेजारी बसून माझी पानं मोजत व्हता, अक्का. हे आणि सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं?"

तिच्या बोलण्याचा मला राग आला. म्हटलं, कोमलची रेघ कुठल्या कप्प्यात आहे हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? एका फटक्यात सगळ्या रेघा काढायच्या तर तो नंबर माहीत हवा.

"संजीवअण्णाला कळला असंल. फाँट त्यांच्याकडं बी हाय," ती म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "आणि प्रेसला देण्याआधी फ्लॉप्या दोन दिवस तुमच्या घरी व्हत्या."

पद्मनाभ मध्ये पडले, म्हणाले तोंड सांभाळ. तिनं पर्स उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला कामावरून काढलं. धंद्यात नाव जातं, असं म्हणाले. मला बरं वाटलं नाही, पण मी अडवलंही नाही.

पुण्यतिथी पुस्तकाशिवाय झाली. सुधींद्र आले होते, मागे बसले, कार्यक्रम संपल्यावर बाईंना नमस्कार करून गेले. बाईंनी मान वळवली. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "बघितलंस? बघायला आला होता."

चार दिवसांनी वनिता बँकेत आली. रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर म्हणाली, "अक्का, मला एक प्रत द्या. माझी चूक असंल तर मला बघू द्या."

दहाही प्रती कपाटात होत्या, पण प्रेसमधून निघताना अकरावी एक मी स्वतःसाठी ठेवून घेतली होती. बाईंना न विचारता ती मी तिला दिली. देतानाही मनात आलं, ही नेऊन कोणाला दाखवणार नाही ना? म्हणून पहिल्या पानावर माझी सही करून दिली, बदलली तर कळावी म्हणून. तिनं सही बघितली आणि पुस्तक पिशवीत घातलं.

नऊ दिवसांनी ती परत आली, जेवणाच्या सुट्टीत. पुस्तकाच्या पानांत कागदाचे कपटे खोचलेले होते.

"सगळ्या गेलेल्या न्हाईत," ती म्हणाली. "सदतीस हायेत."

"काय?"

"रेघा. सदतीस ऱ्हायल्यात. बघा."

तिनं तानांचं पान उघडलं. ताना आम्ही जागा न सोडता सलग छापल्या होत्या, लांब मण्यांच्या माळेसारख्या, आणि ओळ संपली की मजकूर आपोआप खालच्या ओळीत जाई. एका ओळीच्या अगदी शेवटी गंधारापुढे एक छोटी रेघ होती. दुसऱ्या कपट्याच्या पानावर निषादापुढे. तिसऱ्या पानावर पुन्हा ओळीच्या शेवटी.

"सदतीसच्या सदतीस ओळीच्या टोकाला हायेत. मधी एक बी न्हाई. आणि नीट बघा अक्का, ही माझी रेघ न्हाई. माझी अक्षराच्या खाली बसते. ही अक्षराच्या पुढं हाय, मधोमध. शब्द तुटला की पुस्तकात असती तशी."

ती पुढे म्हणाली, "माणसानं पुसल्या असत्या तर टोकाच्या कशाला ठेवल्या असत्या? आणि ठेवल्या तर हलवल्या कशाला? हे माणसाचं काम न्हाई. पण मला त्या मशीनवर बघायला पायजे. मी एकटी गेले तर संजीवअण्णा आत घेणार न्हाई. त्यांच्यावर बी मी आळ घेतलाय, ते त्यांच्या कानावर गेलंय."

मी अर्धा दिवस रजा टाकली. आम्ही बसनं गोकुळ रोडला गेलो. संजीवनं आम्हाला बघितलं आणि खुर्चीतून उठला नाही.

"आता काय राहिलं?" त्यानं कानडीत विचारलं.

वनितानं कानडीतच सांगितलं की मला तुमच्या मशीनवर पाच मिनिटं टाइप करू द्या, तुमच्या कुठल्याही फाइलला हात लावणार नाही, तुम्ही शेजारी उभे राहा. तो उभा राहिला, हाताची घडी घालून. मागे मी. पानं मोजत सोळा महिने बसले होते तशीच.

तिनं आपला फाँट लावला, कोरं पान घेतलं आणि ग लिहिला. शून्य-एक-सात-तीन. नुसता ग. रेघ नाही. पुन्हा ग, पुन्हा रेघेचा नंबर, असं तीस वेळा केलं. पडद्यावर गगगगग अशी उघडी ओळ दिसत होती. मग तिनं मजकुराची चौकट बाजूनं पकडली आणि हळूहळू अरुंद केली. ओळ तुटून दोन झाल्या. पहिलीच्या टोकाला रेघ आली. आणखी अरुंद केली. ओळी तीन झाल्या आणि दोन टोकांना रेघा आल्या, आधीच्या जागची रेघ नाहीशी झाली.

संजीवनं घडी सोडली आणि पडद्याजवळ वाकला.

"कितवा नंबर म्हणालीस?"

"एकशेत्र्याहत्तर."

"अगं, ती जोडरेघ आहे," तो आता मराठीत बोलत होता. "इंग्रजीत लांब शब्द ओळीत मावला नाही तर कुठं तोडायचा, त्याची खूण. ओळ तुटली तरच दिसते, नाही तर लपते. तुमच्या दुकानात जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याला हे कळत नाही, ते कप्प्यात जे काही असेल ते छापतं. आमचं नवीन आहे. त्यानं तुझी रेघ बघितलीच नाही. नंबर बघितला."

"मला तो कप्पा रिकामा दिसला," वनिता म्हणाली.

"दिसणारच. त्याचं चित्रच नसतं."

तिनं पडद्यावरचं पान बंद केलं. मग म्हणाली, "म्हंजे चूक माझीच."

"आणि मी सोळाच पानांचं प्रूफ दिलं," संजीव म्हणाला. "तेही लिहून घे."

मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी फक्त चहा मागवला.

बाईंना समजावणं सोपं गेलं नाही. मी वनिताला बरोबर नेलं. सोळा महिन्यांत बाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. वनितानं सदतीस कपटे एकेक दाखवले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मशीननं आपणहून फक्त कोमल स्वर ओळखून पुसले?"

"ओळखले न्हाईत, बाई. नंबर तसा पडला."

"आणि सुधींद्र?"

"त्यांचा संबंध न्हाई."

"हे तू कसं सांगतेस? तू त्याला ओळखतेस?"

मग बाईंनी आतून एक वही आणली, एक पान उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. "यातले कोमल दाखव." वनितानं बोट न अडखळता दाखवले, सोळा मात्रांची ओळ सरळ वाचत गेली. बाई तिच्या बोटाकडे बघत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पुन्हा करायचं तर हिनंच करावं. दुसऱ्याला पहिल्यापासून समजावत कोण बसणार."

कागदाचा खर्च आम्ही शिष्यांनी वाटून घेतला. या वेळी वनितानं रेघेला दुसरा कप्पा दिला आणि तो आधी तीन ठिकाणच्या मशीनवर तपासला, एक दाजीबानपेठेत, एक धारवाडला कॉलेजजवळ आणि एक संजीवचं. सगळीकडे दिसल्यावरच पुढे गेली. फाइलबरोबर प्रत्येक पानाची छापील प्रत प्रेसला दिली आणि सगळ्या फर्म्यांची प्रूफं मागून घेतली. दोन हजार सालच्या दिवाळीत पुस्तक निघालं, अचूक. तोवर ती गोकुळ रोडच्या त्या प्रेसमध्येच नोकरीला लागली होती. संजीवनंच मालकांना सांगितलं. पद्मनाभ यांनी तिला परत बोलावलं होतं. ती गेली नाही.

नव्या छपाईसाठी बाईंनी प्रस्तावना नव्यानं लिहिली. त्यात गुरुजी, मी, प्रेसचे मालक, संजीव, कागद देणारे, सगळ्यांचे आभार होते. वनिताचं नाव नव्हतं. आणि ती प्रस्तावना टाइप वनितानंच केली. मला प्रूफात दिसलं तेव्हा मी तिला म्हटलं, "एक ओळ घालूया का? बाईंना मी सांगीन."

"नको अक्का. मग म्हणतील, मजकूर बदलला."

बाई दोन हजार सहा साली गेल्या. शेवटपर्यंत त्या म्हणत, ती मुलगी हुशार आहे खरी, पण सुधींद्रचं हँडबिल तिनं केलं होतं.

दोन वर्षांनी आम्ही तिसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. तोवर जुने फाँट मागे पडले होते. नव्या संगणकांवर प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच ठरलेला नंबर आला होता, पण आमची जुनी फाइल तिथं उघडली की नुसती ñ, ¥, §, ½ अशी रांग दिसे, आणि काहींच्या मोबाइलवर तर अजून ळसुद्धा चौकोन होऊन यायचा. वनितानं एकशे चाळीस बंदिशी पुन्हा एकेक अक्षर करून नव्या पद्धतीत आणल्या. तेव्हा तिचं लग्न झालं होतं, मुलगी शाळेत जात होती, आणि गोकुळ रोडवर संजीवबरोबर भागीदारीत तिचं स्वतःचं छोटं ऑफिस होतं.

या आवृत्तीची प्रकाशक मी होते. बाईंची प्रस्तावना तशीच ठेवली आणि तिच्याखाली माझ्या नावानं चार ओळी जोडल्या. पहिल्या छपाईत काय झालं, कोणावर आळ आला आणि तो कोणी घेतला, आणि रेघ कोणी शोधली, हे लिहिलं. तिला आधी बोलले नाही. मजकूर ई-मेलनं पाठवला.

दुपारी बँकेत फोन आला.

"अक्का, प्रस्तावनेखाली हे कुणी घातलंय? मूळ प्रतीत न्हाई."

"मी घातलंय."

"तुम्हीच कशावरनं? मेल कुणी बी पाठवंल."

मला वाटलं ती थट्टा करतेय. ती थट्टा करत नव्हती.

"कागदावर लिहून, सही करून द्या," ती म्हणाली. "तवा छापते."

मी बँक सुटल्यावर त्या चार ओळी हातानं लिहिल्या, खाली सही केली, तारीख घातली आणि गोकुळ रोडची बस पकडली. तिनं कागद घेतला, पडद्यावरच्या ओळींशी एकेक शब्द ताडून बघितला आणि फाइलला टाचला. मग म्हणाली, "'आळ घेतला' याच्यातला ळ नीट लिवा अक्का. ल वाटतोय."

मी तो पुन्हा काढून दिला.